ताण कोणाचा, दोष कोणाचा?

कोणत्याहि काळांत एखादें दुखणें बोकाळलें कीं त्याच्या मागोमाग त्याच्या औषधांचीहि एक पेठ उभी राहते. आणि पुष्कळदां असें होतें कीं, दुखणें आलें कोठून याची चौकशी करण्यापेक्षां पेठेंतील औषध विकत घेणें हेंच सर्वांस सोयीचें वाटूं लागतें. नोकरीच्या ठिकाणीं मनावर पडणारा ताण हें असेंच एक दुखणें असून त्याची पेठ आज मोठ्या भरभराटींत आहे. ज्या कचेरींतील दिवे रात्रीं दहा वाजले तरी मालवत नाहींत, त्याच कचेरींत शुक्रवारीं दुपारीं प्राणायामाचा वर्ग भरतो. ज्या वरिष्ठाचें पाऊल वाजतांच हाताखालच्यांच्या छातींत धडधडूं लागतें, तोच वरिष्ठ मनःस्वास्थ्य-सप्ताहाचें उद्घाटन करतो. नोकराला सांगण्यांत येतें कीं, श्वास खोल घ्या, मन आवरा, विचार आनंदी ठेवा. या माणसाचा श्वास मुळांत कोंडला कोणीं, हा प्रश्न मात्र त्या वर्गांत कोणी विचारीत नाहीं. आणि विचारला तर पुढच्या वर्षीं त्याची बढती होत नाहीं.

या लेखांत आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें आरंभींच सांगून टाकतों. कामाचा ताण हा नोकराच्या मनाचा दुबळेपणा नव्हे. अधिकार ज्या रीतीनें चालविला जातो त्या रीतीचा तो परिणाम आहे. म्हणून त्याचा बंदोबस्त करावयाचा तर तो अधिकाराच्या बाजूनें झाला पाहिजे, आणि त्याची जबाबदारी ज्याच्या हातीं अधिकार आहे त्याच्यावर पडली पाहिजे. प्राणायामाशीं आमचें भांडण नाहीं. तो ज्यास करावयाचा त्यानें घरीं सुखानें करावा. आमचें भांडण आहे तें प्राणायामाच्या आड लपणाऱ्या अधिकाराशीं.

हें विधान एकांगी आहे असें ज्यांस वाटेल त्यांना एका जुन्या गोष्टीची आठवण करून देतों. कापसाच्या गिरण्या या देशांत उभ्या राहिल्या तेव्हां यंत्रांचीं चक्रें व पट्टे उघडे असत आणि त्यांत हातपाय सांपडून माणसें जायबंदी होत. १८८१ सालीं हिंदुस्थानांत कारखान्यांचा पहिला कायदा झाला. तो अनेक बाबतींत तोकडा होता. प्रौढ कामगारांच्या तासांना त्यानें हातहि लावला नाहीं. परंतु धोक्याच्या यंत्राभोंवतीं कठडा घालण्याची जबाबदारी त्यानें कारखान्यावर टाकली. कामगारांनीं बोटें आवरण्याचा अभ्यास करावा असें कांहीं त्या कायद्यानें सांगितलें नाहीं. पुढें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईंतील सुमारें साडेपांच हजार गिरणी-कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला आणि आठवड्याच्या सुटीसाठीं वर्षानुवर्षें झगडून १० जून १८९० रोजीं रविवारची सुटी मालकांकडून मान्य करून घेतली. लोखंडे यांची मागणी सुटीची होती; थकवा कसा सोसावा याची शिकवण त्यांनीं मागितली नव्हती. आमच्या आजोबा-पणजोबांना जो विवेक होता तो आम्ही संगणकापुढें बसतांच गमावून बसलों काय, असा आमचा प्रश्न आहे. आजच्या कचेरींत चक्र नाहीं, पट्टा नाहीं, हें खरें. पण तेथें हुकूम आहे, आणि तो उघड्या चक्रासारखाच चोवीस तास फिरत असतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो कीं, ताण तर मोठ्या माणसांना अधिक असतो. जबाबदारीचें ओझें त्यांच्या शिरावर, निर्णय त्यांचे, धोका त्यांचा. हाताखालच्या माणसानें नेमून दिलेलें काम करावें व घरीं जाऊन झोपावें. हा समज किती पोकळ आहे तें लंडनमध्यें सिद्ध झालें आहे. तेथील व्हाइटहॉल या रस्त्यावर ब्रिटिश सरकारचीं प्रमुख खातीं असल्यामुळें त्या नांवानेंच तेथील नोकरशाही ओळखली जाते. १९६७ सालापासून या नोकरशाहींतील सुमारें अठरा हजार पुरुषांच्या प्रकृतीचा मागोवा घेण्यांत आला. तेव्हां मायकेल मार्मट प्रभृति संशोधकांना असें आढळलें कीं, सर्वांत खालच्या पायरीवरील नोकरांत मृत्यूचें प्रमाण सर्वांत वरच्या पायरीवरील अधिकाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आहे. हीं माणसें उपाशी नव्हतीं. त्यांचा पगार नियमित होता, नोकरी कायमची होती, दवाखाना सरकारी व मोफत होता. धूम्रपान, रक्तदाब इत्यादि नेहमींचीं कारणें हिशेबांत धरलीं तरी तें अंतर पुसलें जाईना. आणि हा फरक केवळ शिखरावरील व तळाच्या माणसांतच नव्हता; पायरीपायरीनें आयुष्य कमी होत गेलेलें दिसत होतें.

१९८५ सालीं स्त्रियांनाहि सामावून घेऊन १०,३०८ नोकरांची दुसरी पाहणी सुरू झाली. तिचे जे निष्कर्ष १९९७ सालीं प्रसिद्ध झाले त्यांत या अंतराचें एक मोठें कारण सांपडलें, आणि तें अगदीं साधें होतें : आपल्या कामावर आपला ताबा किती. काम कोणत्या क्रमानें करावें, कोणत्या रीतीनें करावें, केव्हां थांबावें, यांपैकीं कशांतच ज्याला बोलण्याची सोय नाहीं, त्याच्या हृदयाला विकार जडण्याचा संभव अधिक. अमेरिकेंतील रॉबर्ट कॅरासेक यांनीं १९७९ सालींच असें प्रतिपादिलें होतें कीं, नुसत्या पुष्कळ कामानें माणूस मोडत नाहीं. काम पुष्कळ आणि ताबा थोडा असें झालें म्हणजे तो मोडतो. पुढें २००५ सालीं याच व्हाइटहॉलच्या पाहणींतून आणखी एक गोष्ट पुढें आली. वरिष्ठ आपलें म्हणणें ऐकून घेतो काय, विनाकारण बोल लावतो काय, पुरी माहिती देतो काय, कधीं शाबासकी देतो काय, असे प्रश्न नोकरांना विचारले होते. ज्या पुरुष नोकरांना आपणांस न्यायानें वागविलें जातें असें वाटत होतें, त्यांच्यांत हृदयविकाराचें प्रमाण कमी निघालें. याचा अर्थ वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. वरिष्ठाचें वागणें हा आतां केवळ शिष्टाचाराचा विषय राहिलेला नाहीं; मीठ, तंबाखू व रक्तदाब यांच्या पंक्तीला बसविण्याजोगें तें आरोग्याचें एक कारण आहे.

दुसरा आक्षेप राष्ट्रभक्तीचा पोशाख करून येतो. ऑक्टोबर २०२३ मध्यें इन्फोसिसचे संस्थापक श्री. नारायण मूर्ति यांनीं तरुणांना आठवड्यास सत्तर तास काम करण्याचा उपदेश केला व त्यासाठीं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनी व जपान यांचा दाखला दिला. जानेवारी २०२५ मध्यें एका बड्या बांधकाम-उद्योगाच्या अध्यक्षांचे नव्वद तासांविषयींचे उद्गार प्रसिद्ध झाले. रविवारींहि नोकरांकडून काम करून घेतां येत नाहीं याची त्यांना खंत वाटत होती. लोखंड्यांच्या मुंबईंत ही खंत एकशें चौतीस वर्षें उशिरां पोंचली, एवढेंच तिच्याविषयीं म्हणतां येईल. मूर्ति स्वतः तितके कष्टले याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु जो माणूस आपण लाविलेल्या झाडाला पाणी घालतो त्याचे तास आणि जो दुसऱ्याच्या बागेंत मोटेला जुंपला आहे त्याचे तास एकाच मापानें मोजणें हा न्याय नव्हे. संस्थापकाच्या सत्तर तासांत ताबा त्याचा, फळ त्याचें व कीर्तिहि त्याची असते. नोकराच्या सत्तर तासांत त्याचा स्वतःचा असा फक्त थकवा असतो.

आणि जपानचा दाखला देणारांनीं तो पुरता द्यावा. अतिश्रमानें येणाऱ्या मृत्यूसाठीं 'कारोशी' असा स्वतंत्र शब्द त्याच देशाला बनवावा लागला. एका जाहिरात-कंपनींतील तरुण नोकरानें अतिश्रमानें खचून आत्महत्या केली, त्या प्रकरणीं २००० सालीं जपानच्या सर्वोच्च न्यायालयानें कंपनीस जबाबदार धरलें. २०१४ सालीं असे मृत्यू टाळण्यासाठीं खास कायदा करावा लागला, आणि २०१८ च्या सुधारणेनें जादा कामाच्या तासांना मर्यादा घालावी लागली. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनीं मिळून २०२१ सालीं जो अंदाज प्रसिद्ध केला त्याप्रमाणें, आठवड्यास पंचावन्न तास वा त्याहून अधिक राबण्यामुळें २०१६ या एका वर्षांत जगांत सुमारें ७,४५,००० माणसें पक्षाघातानें व हृदयविकारानें दगावलीं. ज्या रस्त्यानें जाऊन जपान ठेंचाळला व मागें वळला, त्याच रस्त्याचा नकाशा आम्हांस प्रगतीचा मार्ग म्हणून दाखविण्यांत येत आहे.

तिसरा आक्षेप थोडा सूक्ष्म आहे. त्याचे कैवारी म्हणतात कीं, कांहीं वरिष्ठ स्वभावानें दुष्ट असतात हें आम्हांस मान्य आहे. पण तो व्यक्तीचा दोष, व्यवस्थेचा नव्हे. यास उत्तर फ्रान्सच्या न्यायालयांनीं दिलें आहे. फ्रान्स टेलिकॉम ही तेथील मूळची सरकारी टेलिफोन-कंपनी. तिच्या चालकांनीं २००६ ते २००८ या काळांत २२,००० माणसें कमी करण्याचें ठरविलें. पुष्कळांची नोकरी सरकारी कायद्यानें सुरक्षित असल्यामुळें त्यांना काढतां येईना. तेव्हां त्यांनीं आपण होऊन जावें अशी परिस्थिति निर्माण करण्यांत आली. माणसांना एका गांवाहून दुसऱ्या गांवीं, एका कामावरून दुसऱ्या कामावर फेंकण्यांत आलें. किती माणसें गेलीं यावर मधल्या अधिकाऱ्यांच्या बक्षिसाचा कांहीं भाग ठरूं लागला. खटल्यांत एकोणचाळीस जणांचीं प्रकरणें तपासण्यांत आलीं, आणि त्यांपैकीं एकोणीस जणांनीं आत्महत्या केल्या होत्या. डिसेंबर २०१९ मध्यें पॅरिसच्या न्यायालयानें कंपनीस व तिच्या माजी मुख्य चालकांस दोषी ठरविलें, आणि जानेवारी २०२५ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें तें तत्त्व कायम केलें. तें तत्त्व असें : एखाद्या संस्थेचें धोरणच छळाचें असेल, तर चालकानें कोणा एका नोकराला स्वतः छळलें हें सिद्ध करण्याची गरज नाहीं. शिक्षा फारच सौम्य होती; कंपनीस दंड झाला तो अवघा पंचाहत्तर हजार युरोंचा. पण निकालाचें मोल दंडाच्या रकमेंत नाहीं. दुष्टपणा करण्यासाठीं दुष्ट माणूस लागतोच असें नाहीं. बैठकींत मंजूर झालेला एक तक्ताहि पुरतो, हें त्या निकालानें नोंदवून ठेविलें.

मग त्या शुक्रवारच्या वर्गांचें काय? त्यांचाहि हिशेब झाला आहे. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनीं ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ नोकरांच्या माहितीचा अभ्यास करून २०२४ सालीं निबंध प्रसिद्ध केला. ध्यानाचे वर्ग, ताण सोसण्याचें शिक्षण, झोपेचे व स्वास्थ्याचे मोबाइलवरील कार्यक्रम वगैरे उपायांत भाग घेतलेले नोकर आणि न घेतलेले नोकर यांच्या मनःस्थितींत सांगण्यासारखा फरक त्यांना आढळला नाहीं. दुसऱ्यांसाठीं सेवाकार्य करण्याची संधि एवढाच काय तो अपवाद. ही पाहणी एकाच काळाची आहे, तेवढ्यानें सर्व वाद मिटला असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या उपायांवर एवढा पैसा उधळला जातो त्यांची उपयुक्तता सिद्ध करण्याचा बोजा आतां विकणारांवर आहे. कामानें येणाऱ्या शीणाची जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचींत २०१९ सालीं नोंद झाली, ती देखील वैद्यकीय रोग म्हणून नव्हे, तर व्यवसायांतून उद्भवणारी स्थिति म्हणून. संघटना बोट दाखविते कामाकडे, आणि आमचे व्यवस्थापक गोळी देतात कामगाराला. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, ही म्हण याहून चपखल कोठें बसेल?

येथवर वाचून कोणा मॅनेजराला असें वाटेल कीं, हा लेख आपल्या विरुद्ध लिहिला आहे. तसें नाहीं. किंबहुना या सर्व व्यवस्थेंत अत्यंत केविलवाणा प्राणी कोणता असेल तर तो मधला अधिकारी होय. अडकित्त्यांत सांपडलेल्या सुपारीसारखी त्याची अवस्था असते. वरून आलेला आंकडा त्यानें ठरविलेला नसतो. पण तो पुरा करून घेण्याचा वाईटपणा त्याच्या पदरीं येतो. हाताखालच्या दहा माणसांपैकीं दहाहि जण चांगले असले तरी दोघांना निकृष्ट ठरवा, असा तक्ता त्याच्या हातीं येतो, आणि ज्यांच्याबरोबर दुपारीं डबा खाल्ला त्यांतीलच दोघांचीं नांवें त्याला संध्याकाळीं लिहावीं लागतात. त्याला हुकूम देण्याची मुभा आहे, हुकूम बदलण्याची नाहीं. अशा माणसाच्या तोंडून शिवी निघाली तर ती निंद्य खरी. पण पुष्कळदां ती वरून निघालेली असते, त्याच्या तोंडून फक्त बाहेर पडते.

आणि या माणसाला कायद्याचेंहि छत्र नाहीं. २०२० सालचा कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य यांविषयींचा संहितारूप कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आला आहे. दिवसाच्या आठ तासांची मर्यादा त्यानें घातली आहे ती 'कामगारा'ला. आणि मुख्यत्वें व्यवस्थापनाचें काम करणारा, तसेंच देखरेखीचें काम करून महिना अठरा हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस कामगाराच्या व्याख्येंतून वगळला आहे. पदव्यांची खैरात करण्यांत आमच्या कचेऱ्या इतक्या उदार कां असतात, याचें एक कारण येथें सांपडण्यासारखें आहे. बावीस-चोवीस वर्षांच्या पोराच्या नांवापुढें 'मॅनेजर' हा शब्द लावला कीं घरच्यांना धन्य वाटतें, लग्नाच्या बाजारांत भाव चढतो, आणि त्याला रात्रीं अकरा वाजतां फोन करण्यास साहेबाला संकोच वाटत नाहीं. याच कायद्याच्या परिशिष्टांत सरकारला कळविण्याजोग्या रोगांची यादी आहे. शिशानें व पाऱ्यानें होणारी विषबाधा तींत आहे, दगडाच्या व कापसाच्या धुळीनें होणारे फुप्फुसाचे विकार आहेत. हुकुमानें होणारा विकार तींत नाहीं.

दुसऱ्यांच्या कचेऱ्यांविषयीं एवढें बोलल्यावर आमच्या स्वतःच्या पेशाविषयीं गप्प बसणें बरें दिसणार नाहीं. व्यवस्थापनशास्त्राचे वर्ग ज्या महाविद्यालयांत भरतात, नेतृत्वगुणांवर जेथें परिसंवाद होतात, तेथील अंतर्गत चित्र काय आहे? तासिका तत्त्वावर नेमलेला, संशोधनाची पदवी घेतलेला अध्यापक पुढच्या जूनमध्यें आपण असूं कीं नाहीं या काळजींत वर्षानुवर्षें काढतो. नवीं पत्रकें, नवे नमुने, मूल्यांकन-समितीसाठीं मागल्या तारखांचे अहवाल, यांची मागणी व्हॉट्सॲपवर रात्रीं येते व सकाळीं अकरापर्यंत पूर्तता हवी असते. प्रस्तुत लेखकानें अशा एका संस्थेंत विभागप्रमुखाला भर बैठकींत, विद्यार्थ्यांच्या देखत, शिपायासहि कोणी बोलूं नये अशा शब्दांत झापलेलें पाहिलें आहे. आणि त्याच सप्ताहांत त्याच सभागृहांत 'आनंदी कार्यसंस्कृति' या विषयावरचें व्याख्यान सक्तीनें ऐकलें आहे. टाळ्या सर्वांनीं वाजविल्या. हजेरीपत्रक फिरत होतें ना!

तेव्हां करावें काय? उपाय अवघड नाहींत. ते गैरसोयीचे आहेत, एवढेंच. पहिली गोष्ट, कामाच्या तासांची मर्यादा पदाच्या नांवावर अवलंबून नसावी. मॅनेजराचें हृदयहि हाडामांसाच्या पिंजऱ्यांतच असतें. दुसरी, कामाच्या वेळेबाहेर वरिष्ठाचा निरोप न घेण्याचा हक्क नोकराला असावा. फ्रान्सनें १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना याविषयीं नोकरांच्या प्रतिनिधींशीं बोलणी करण्यास भाग पाडलें आहे, ऑस्ट्रेलियानें ऑगस्ट २०२४ पासून असा हक्क दिला आहे. आमच्या लोकसभेंत सौ. सुप्रिया सुळे यांनीं २०१८ सालीं या अर्थाचें खासगी विधेयक मांडलें होतें, पण त्याचा कायदा झाला नाहीं. तिसरी गोष्ट, ताण मोजतां येत नाहीं ही सबब सोडून द्यावी. ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षितता खात्यानें २००४ सालींच कामाचा बोजा, कामावरील ताबा, आधार, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता व बदल करण्याची रीत अशीं सहा परिमाणें ठरवून दिलीं आहेत. आणि चौथी, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती अशी कीं, अधिकाऱ्याचें मूल्यमापन करतांना त्यानें किती नफा आणला याच्या शेजारच्या रकान्यांत त्याच्या हाताखालून किती माणसें सोडून गेलीं, किती आजारी पडलीं, हेंहि लिहिलें जावें, आणि तो आंकडा वरच्या संचालकांच्या बक्षिसासहि लागू करावा. फ्रान्समध्यें माणसें घालविण्याबद्दल बक्षीस देतां आलें, तर माणसें राखण्याबद्दल कां देतां येऊं नये?

असें केल्यानें उद्योग बुडतील अशी ओरड होईल. ती १८८१ मध्यें झाली नसेल असें मानण्याइतका भाबडा वाचक या मासिकाला नसावा. यंत्रांना कठडे बसले आणि गिरण्या चालल्या. रविवारची सुटी मिळाली आणि गिरण्या चालल्याच. पुढें शंभर वर्षांनीं त्या बंद पडल्या, त्या कांहीं कठड्यांमुळें वा रविवारमुळें पडल्या नाहींत. नोकराला श्वास कसा घ्यावा हें शिकविण्याची गरज नाहीं. तो त्याला जन्मतःच येतो. त्याच्या छातीवरचा हात तेवढा काढावयाचा आहे, आणि तो हात कोणाचा आहे हें शोधण्यास मानसशास्त्रज्ञाची आवश्यकता नाहीं. कचेरींतील प्रत्येकास तें ठाऊक असतें.